पहिल्या ओळीतला माणूस

रेकॉर्डिंग नऊला असलं की किल्लीकाका सहाला स्टुडिओत हजर असत. कोट खुंटीला, चष्मा कपाळावर, पंखा बंद, आणि मग तीन तास डोकं पियानोच्या पोटात. तारा सव्वादोनशे. एकेका तारेची खुंटी किल्लीने केसभर फिरवायची, पट्टी दणकून वाजवायची, कान लावायचा, पुन्हा फिरवायची. हळुवार वाजवून जुळवलेली तार वादकाच्या पहिल्याच घावाला दगा देते, म्हणून दणका. वादक आत आले की काका बाहेर. दाराशी एक लाकडी खुर्ची होती. मध्येच एखादी तार उतरली तर आतून हाक येई, म्हणून दिवसभर तिच्यावर बसून राहायचं.

असं अडतीस वर्षं चाललं. जाड दारातून त्यांना फक्त गुणगुण ऐकू येई. पाश्चात्य शास्त्रीय संगीताच्या दोनशे बारा रेकॉर्डी त्यांच्या हाताखालून गेल्या आणि त्यांतली एकही त्यांनी धड ऐकली नव्हती. घरी रेकॉर्ड लावायचा विषयच नव्हता. "हलवाई घरी मिठाई खातो का?" असं ते बायकोला विचारत.

दोन वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की वरचे सूर कमी होत चाललेत आणि पुढे आणखी कमी होतील. काकांनी त्याच आठवड्यात किल्ली खाली ठेवली. घरी बसल्यावर मात्र हलवायाला मिठाईची आठवण येऊ लागली.

आता कंपनीबद्दल. कंपनी लहान, थोरले मालक विक्षिप्त, पण न्यायी. प्रत्येक रेकॉर्डचं एक कार्ड करायचं आणि त्याच्या पहिल्या ओळीत पियानो जुळवणाऱ्याचं नाव लिहायचं, हा त्यांचा दंडक. "जेवण कसं झालं ते नंतर. आधी चूल कुणी पेटवली ते लिहा," असं ते म्हणत. दुसऱ्या ओळीत वादक, तिसरीत रचना, चौथीत तारीख. रेकॉर्डच्या वेष्टनावर काकांचं नाव कधीच आलं नाही. कार्ड ही घरातली गोष्ट होती. मालक गेल्यावरही कार्ड लिहिणाऱ्या बाईंनी दंडक मोडला नाही. त्यांना सगळे कार्डबाईच म्हणत.

मग मालकांच्या मुलीने वेबसाइट करायचं ठरवलं. काम तिशीच्या एका डिझायनर मुलीकडे गेलं. बारा खणांतली कार्डं यंत्राने वाचून घेतली. नेमक्या त्याच महिन्यात कार्डबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. यंत्राला कोण सांगणार? त्याने पहिली ओळ म्हणजे कलाकार, असं धरलं.

वेबसाइट सुरू झाली त्या सकाळी काकांच्या मुलीचा फोन आला.

"बाबा, तुमचे दोनशे बारा अल्बम निघालेत!"

"कुणाचे?"

"तुमचे! कंपनीचे सगळ्यात मोठे कलाकार तुम्ही आहात. फोटो नाहीये, तिथे एक करडा गोल आहे."

काकूंनी टॅबलेट उघडला. "गोल बरा आलाय," त्या म्हणाल्या. "अगदी तुमच्यासारखा."

खाली एका श्रोत्याने लिहिलं होतं, 'यांच्या बोटांत विलक्षण हळुवारपणा आहे.' ते वाचून काकूंना ठसका लागला. शेजाऱ्यांनी अडतीस वर्षांत दोनदा तक्रार केली होती, ती काकांनी घरचा जुना पियानो जुळवायला घेतला तेव्हाच.

काका हसले नाहीत. आयुष्यभर ज्या वादकांच्या पाठीमागे उभं राहायचं, त्यांच्याच नावावर आपण बसलो! दुपारी एका ज्येष्ठ पियानोवादक बाईंचा फोन आलाच. त्या रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "अभिनंदन. माझं वादन तुम्हाला जमतं हे ठाऊक नव्हतं." काकांनी तडक कंपनी गाठली.

डिझायनर मुलगी आधीच रडकुंडीला आली होती. "काका, आज संध्याकाळपर्यंत काढते. तुमचं नाव कुठेच दिसणार नाही. नक्की."

"काढ बाई. लवकर काढ."

काम मात्र सोपं नव्हतं, त्याला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत काकांनी एक गोष्ट केली. आपल्या नावावर बोट ठेवून ते सगळ्यात जुन्या रेकॉर्डपासून क्रमाने ऐकत बसले. सकाळी चार रेकॉर्डी, दुपारी चार. काकू जेवायला हाक मारत, तर ते एक बोट वर करून थांबवत. "ही बघ, ही त्या ओल्या आठवड्यातली. वरची तार चारदा उतरली होती. आता ऐक, कशी उभी आहे."

"मला सगळं सारखंच वाटतं," काकू म्हणाल्या, पण बसून राहिल्या.

एक्केचाळिसावी रेकॉर्ड संपली आणि सहाव्या सकाळी पडद्यावर आलं, 'या नावाचे काहीही सापडले नाही.'

साइटवर आता सगळं वादकांच्या नावाने होतं. काकांना कुठल्या दिवशी कोण वादक ते आठवत नव्हतं. त्यांना हवा आठवत होती, पियानो आठवत होता, कुठली तार नडली ते आठवत होतं. साइटवर मेणबत्तीचा सुरेख फोटो होता, 'निवांत संध्याकाळ' असं एक बटण होतं. 'ओला आठवडा' असं बटण कुठून असणार? एकशे एकाहत्तर रेकॉर्डी उरल्या होत्या आणि कान काही थांबणार नव्हते.

"जाऊन सांगा की," काकू म्हणाल्या.

"कोणत्या तोंडाने? मीच काढ म्हणालो."

"ज्या तोंडाने काढ म्हणालात त्याच तोंडाने. दुसरं कुठून आणणार?"

कंपनीत कार्डबाई काळा चष्मा लावून परत आल्या होत्या. काकांचं ऐकून घेतल्यावर त्या डिझायनरकडे वळल्या. "मी एक महिना डोळे मिटले, तर तुम्ही माणूसच पुसलात?"

"मावशी, लोक फोनवर बघतात," मुलगी म्हणाली. "तिसऱ्या ओळीच्या खाली कुणी जात नाही. पियानो जुळवणाऱ्यासाठी या पानात जागाच नाहीये."

"मग पान बदल."

"ते नंतर बघा," काका मध्येच म्हणाले. "पोरी, एक विचारू? आठव्या रेकॉर्डमध्ये दुसरा भाग संपतो तिथे तू कात्री लावलीस का?"

तिने ती रेकॉर्ड लावली. दुसऱ्या भागाचा शेवटचा सूर विरायच्या आतच कापला गेला, ठोकळ्यासारखी पोकळी आली आणि तिसरा भाग सुरू झाला.

"प्लेअर दोन भागांमध्ये आपोआप आवाज बंद करतो," ती म्हणाली. "नीटनेटकं वाटावं म्हणून."

"तार अजून बोलतेय गं. तिचं बोलणं होऊ दे. आणि नंतरची शांतता त्या खोलीची आहे, ती पण राहू दे."

मुलीने हेडफोन लावून कंपनीतल्या मूळ टेपची नक्कल ऐकली. पुन्हा ऐकली. मग तिने खुर्ची काकांकडे सरकवली आणि वही उघडली. "काका, आणखी काय काय चुकलंय?"

काका त्या आठवड्यात चार दिवस तिथे गेले. आठवड्याअखेर कात्री गेली. प्रत्येक रेकॉर्डच्या पानावर शेवटची एक ओळ आली, पियानो जुळवणी, पुढे नाव, आणि नावावर बोट ठेवलं की दोनशे बारा रेकॉर्डी ओळीने, तारखेनुसार. ज्येष्ठ पियानोवादक बाईंनी ते पाहिलं आणि निरोप पाठवला, 'आता बरोबर आहे. माझ्या पानावर हे नाव दोन ओळी वर घेतलंत तरी चालेल.'

कार्डबाईंचं समाधान झालं नाही. "पहिल्या ओळीतला माणूस शेवटी टाकलास."

"राहू द्या हो," काका म्हणाले. "मालकांनी लिहायला लावलं, तुम्ही लिहीत राहिलात, म्हणून सापडलो तरी. नाहीतर यंत्राला मी दिसलो असतो का?" मग मुलीकडे वळून म्हणाले, "आणि तू ऐकलंस. फार झालं."

बेचाळिसावी रेकॉर्ड त्यांनी घरी लावली. पहिला भाग संपला. सूर सावकाश विरला, मग खोलीची ती शांतता आली, पूर्ण, न कापलेली. आणि तिच्या मधोमध, लांबून, जाड दारापलीकडून, एक बारीक करकर.

काकांनी टॅबलेट थांबवला, मागे घेतला, पुन्हा ऐकला. कान गेलेले नव्हते.

"अगं, इकडे ये. ही माझी खुर्ची."

काकूंनी डोकं वाकवून ऐकलं. "अडतीस वर्षांत तुम्ही स्वतः वाजवलेलं एवढंच म्हणायचं."

"कुणाला सांगू नकोस. पोरगी पुन्हा कात्री लावेल."

"नाही सांगत," काकू म्हणाल्या आणि शेजारी बसल्या. "लावा पुढची."

त्रेचाळिसावी सुरू झाली.