पिवळं पान

शेजारचे काका ‘निसर्ग’ म्हणताना आभाळाकडे बोट करतात. सुनेचं बाळंतपणही त्यांनी ठरवून घरीच केलं. पुढं बाळ पिवळं पडलं, दूध ओढेना, तरी बोट वरच. “उन्हात ठेवा. निसर्ग पाहून घेते.”

मी भीतभीत म्हटलं, “काका, कावीळ असन. दवाखान्यात नेता काय?”

“कॉलेजात हेच शिकून राह्यला काय बे?”

दुसऱ्या सकाळी कपाशीची पानं पिवळी दिसली. काकांनी आभाळाकडे पाहिलंसुद्धा नाही. एक पान खुडून हळुवार रुमालात गुंडाळलं आणि कृषी केंद्रात दाखवायला लगबगीनं गाडी काढली.

सून बाळाला घेऊन मागं बसली.

“मामाजी, दवाखाना आधी लागते. पान मंग दाखवजा.”