मोडलेली दांडी घेऊन वर्ध्याला

दुसरं पोतं टांगलं आणि तिसरी दांडीही कडकन मोडली. नवरा म्हणाला, "आता पुरे. ॲल्युमिनियमचे पाइप आण आणि मोकळी हो." मी काही मोकळी झाले नाही. मोडलेली दांडी ओढणीत गुंडाळली आणि वर्ध्याचं तिकीट काढलं.

आधी दांडीची भानगड सांगते. साताऱ्यात माझी फॅब्रिकेशनची लहानशी शेड आहे. गेट, ग्रिल, जिने अशी कामं. माहेर मात्र जावळीतल्या डोंगरावरची वाडी, तिथं गाडी पोचत नाही. आजारी माणूस झोळीतून खाली आणायचा तर चार गडी लागतात, आणि गडी सगळे मुंबईला. कुणीतरी दिलेलं लोखंडी स्ट्रेचर वाडीत आहे, त्यावर मिरच्या वाळतात, कारण ते उचलायलाच चौघं लागतात. माझी चुलत बहीण मंगल गेल्या दिवाळीत स्पष्टच म्हणाली, "दोन बायकांना पेलंल असं काहीतरी कर. नायतर इंजिनेर इंजिनेर म्हणून मिरवू नको."

झोंबलं मला ते. आख्ख्या बांबूला बिजागरीसाठी भोक पाडलं की तो चिरतो. म्हणून बांबूच्या पातळ पट्ट्या रेझिननं एकमेकींवर चिकटवून सपाट दांडी करायची, घडी घालता येईल असं स्ट्रेचर बनवायचं, असं ठरवलं. ॲल्युमिनियम वाकलं तर वाडीत सरळ कोण करणार? बांबू तर बांधावरच उभा आहे. नियम एकच: एका दांडीनं पन्नास किलोची दोन पोती पेलायची.

साताऱ्याहून वर्ध्याला थेट रेल्वे आहे. संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी उतरायचं. डबा घेऊन बसा आणि डिसेंबरात गेलात तर शाल विसरू नका, मी विसरले आणि रात्रभर कुडकुडले. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्री अशी की नाक, डोळे, कान सगळं एकदम मोकळं झालं. मग रिक्षानं बोरगाव मेघे.

तिथं वनिताताईंची शेड आहे, त्यांच्या बांबूकामाचा व्हिडिओ बघूनच मी वर्धा गाठलं होतं. वय पंचावन्नच्या आसपास, बांबूच्या खुर्च्या, पलंग, दारं करतात. यजमान रामदासभाऊ एसटीत मेकॅनिक होते. पट्ट्या दाबायला त्यांनी बसच्या जुन्या जॅकचं प्रेस बनवलंय. लोखंडी चौकट, खाली जॅक, वर लाकडी ठोकळा. त्या यंत्रापुढं मी हात जोडायचेच बाकी ठेवले होते.

वनिताताईंनी माझी दांडी उलटसुलट केली. "काऊन जी, साल कुठं गेली?"

"रंधून काढली. सालीला रेझिन धरत नाही ना."

"आयकलं का हो?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ताईनं साय फेकून देली अन् ताक पिऊन राह्यल्या!"

बांबूचा सगळा जोर सालीलगत असतो, आत जावं तसा तो भुसभुशीत होत जातो. सालीवरचं मेण तेवढं विळ्यानं खरवडायचं, बाकी साल ठेवायची आणि ती बाजू दांडीच्या वरखाली बाहेर येईल अशी लावायची. मी मात्र नेमकं तेच रंधून टाकत होते आणि दोष रेझिनला देत होते. नाचता येईना अंगण वाकडं!

दुसऱ्या दिवशी त्या दोघांना साखरपुड्यासाठी आर्वीला जायचं होतं. "आमी येऊन लावू," असं म्हणून गेले. पण मला कुठला दम? पट्ट्या मीच खरवडल्या, मीच रचल्या, रेझिन लावून प्रेसमध्ये दाबल्या. फार देखणी रचली होती, स्वतःवरच खूश झाले.

रेझिन सुकायला पूर्ण दिवस लागतो. म्हणून तिसऱ्या दिवशी बसनं केळझरला गेले. गणपती टेकडीवर आहे, सकाळी जा, गर्दी नसते. वाटेत दोन्हीकडं कपाशी फुटलेली. देवळात मी सरळ मागणं मागितलं, आडपडदा न ठेवता: देवा, दोन पोती. परतताना घरासाठी वर्ध्याचा गोरसपाक, गाईच्या तुपातली ती खुसखुशीत बिस्किटं, घेतला, त्यातला निम्मा बसमध्येच संपला.

संध्याकाळी दांडी दोन स्टुलांवर ठेवली. पहिलं पोतं तिनं पेललं. दुसरं टांगलं आणि कडाक! मला रडू आलं. खरंच सांगते, परक्या माणसांसमोर ओढणीत तोंड घालून रडले.

रामदासभाऊंनी पाणी दिलं. वनिताताई तुकडे हातात घेऊन बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "हे गाठी एका रांगेत कोण लावल्या?"

"मी. छान दिसतात म्हणून."

"छान!" त्यांनी कपाळावर हात मारला. "गाठीपाशी बांबूचा धागा वाकडा जाते बाई, बांबू तिथंच तुटते. तुमी साऱ्या गाठी एका जागी आणून त्याले सांगितलं, बाबा, इथून तूट."

रामदासभाऊ हळूच म्हणाले, "इटा कशा लावते? सांध्यावर सांधा येऊ देत नाई."

आणि मी बांधकामवाल्यांची कामं करणारी बाई! वीस वर्षं भिंती बघतेय. डोळे पुसले आणि म्हटलं, "पट्ट्या द्या. आत्ता लावू."

"आत्ता जेवा," वनिताताई म्हणाल्या. पाटवडीचा रस्सा आणि भाकरी, जीभ भाजेस्तोवर खाल्ली. सकाळी आम्ही तिघांनी मिळून दांडी रचली, गाठी पुढंमागं, साल बाहेर. पुढचा दिवस थांबले. परतीचं तिकीट रद्द केलं, नवऱ्याचे दोन फोन उचलले नाहीत.

पहिलं पोतं. दुसरं. दांडी किंचित झुकली आणि थांबली. रामदासभाऊंनी तिसरं टांगलं, तरी आवाज नाही. "आता मी बसू काय?" ते म्हणाले, तर वनिताताई ओरडल्या, "तुमी नका बसू, स्टूल मोडन!"

साताऱ्यात परतल्यावर त्याच पद्धतीनं चार दांड्या केल्या, बसच्या जॅकऐवजी नवऱ्याच्या ट्रॉलीचा जॅक पळवून. त्यानंच बिजागऱ्या बसवल्या, तोंडानं मात्र अजून ॲल्युमिनियमच म्हणत होता. तयार झालेलं स्ट्रेचर मी एका हातात धरून वाडीवर चढले.

वर्ध्याहून काय आणलं, तर एवढंच: वस्तू मोडली की रागवायचं नाही, मोडली कुठं ते बघत बसायचं. माझ्या स्वभावाला हे फार जड जातं.

वाडीत मंगल म्हणाली, "नुसतं दाखवू नको. झोप त्यावर." मी झोपले, पट्टे आवळले. पुढं मंगल, मागं तिची जाऊ. माझं वजन सांगत नाही, पण दोघींनी उचललं आणि पायवाट उतरायला लागल्या. पहिल्या वळणावर मी ओरडले, "अगं, जरा टेकवा, दमाल!"

"पेशंट बोलत नसतो," मंगल म्हणाली. "गप पड."

वाटेत एकदाच टेकवलं, तेही मंगलचा पदर सुटला म्हणून. डांबरी रस्त्यावर आल्यावर दोघींनी मला खाली ठेवलं आणि पट्टे सोडले. मंगलनं स्ट्रेचरची घडी घातली, काखेत मारली आणि वाडीकडं तोंड केलं.

"ऊठ आता," ती म्हणाली. "हे वर आमच्याकडंच राहील. तुझी एसटी येईल इथं."