आतोबांची सुरत

आमच्या आतोबांइतका, म्हणजे आत्याच्या यजमानांइतका, भित्रा माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात झाला नसेल. साप, विंचू, फौजदार यांना ते भीत नसत. भीत ते फक्त चकव्याला. रानात वाट चुकवून माणसाला गोल गोल फिरवणारा हा चकवा आमच्या वैशाखरे गावात सगळ्यांच्या ऐकण्यातला. पण आतोबांचा थोरला भाऊ गुरं शोधायला रानात शिरला तो परत आलाच नव्हता. त्यामुळे आम्ही त्यांच्या भित्रेपणाला हसायचो आणि त्यांचा चेहरा पाहून मध्येच गप्पही व्हायचो.

चकवा शहरातही असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. कल्याणला एका दुपारी पुन्हा पुन्हा त्याच रसवंतीसमोर येऊन उभे राहिल्यावर त्यांनी भर चौकात सदरा काढून उलटा घातला होता. उलट्या सदऱ्याने चकवा सुटतो, ही आमच्याकडची समजूत. तेव्हापासून कल्याणला जायचं म्हटलं की आदल्या दिवशी ते ओटीवर खडूने अख्खं कल्याण आठवून काढत. त्यात पूल बोटभर आणि एकदा अंगावर आलेलं कुत्रं वीतभर. आत्या केरसुणी घेऊन आली की ओरडत, "पुसू नको गो, अजून स्टँडावर पोचलो नाय मी!"

पुढे त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन सुरतेला गेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवासाला साफ मनाई केली. आता आत्याला घेऊन आतोबांनाच सुरतेला जाणं भाग होतं. त्यांचं जेवण तुटलं. मी तेव्हा मुरबाडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो, तिथे येऊन ते हताशपणे बसले. "कल्याण आठवतं रे. पन न बगितलेलं गाव आठवायचं कसं? पोरीची वेळ आली नि मी रस्त्यातच फिरत ऱ्हायलो तर?"

इंटरनेटवर आकाशातून गाव दाखवणारे नकाशे तेव्हा नुकतेच आले होते. मी त्यात सुरत शोधली. पडद्यावर सुरतेची छपरं उमटताच आतोबा खुर्ची मागे सारून उठले.

"वरनं कोन बगतंय?"

"उपग्रह."

"कंचा? शनी?"

शनी नाही याची खात्री पटल्यावर त्यांनी आधी वैशाखरे काढायला लावलं. तिथे नुसतं हिरवं होतं आणि वर ढगाचा पुंजका. "आमी नाय त्यात?" त्यांनी पडद्याला नाक लावलं. "म्हंजे आमाला कोन शोधनार?"

मग स्टेशनपासून लेकीच्या दारापर्यंतची वाट त्यांनी रोज पडद्यावर बोटाने गिरवली. माउस त्यांना जमला नाही. तो उलटाच धरायचे. घरी जाऊन ओटीवर कधी न पाहिलेली सुरत आठवून काढायचे. मी एकदा ती पाहिली. शहरातले सगळे रस्ते वाकडेतिकडे होऊन एकाच दाराशी पोचत होते. "आतोबा, हे रस्ते असे नाहीत," मी म्हटलं. "नसूं दे. चुकायला जागाच ठेवायची नाय."

निघाले ते वैशाखऱ्यातूनच उलटा सदरा घालून. सुरतेच्या पाट्या गुजरातीत, एक अक्षर लागेना. आत्याचा पदर मुठीत धरून, घाबरत, पण एकदाही न चुकता ते दारात पोचले. लेकीने दार उघडलं, सदऱ्याच्या बाहेर आलेल्या शिवणी पाहिल्या आणि हसता हसता रडायलाच लागली. "अप्पा, अख्ख्या गाडीत असेच आलात?"

"घर सापडलं ना?" आतोबा म्हणाले आणि उंबऱ्यावरच मटकन बसले.

नात झाली. परतल्यावर ते बर्फी घेऊन थेट क्लासवर आले. "त्या हिरव्यात आमचं घर घाल. नात येल उद्या. तिला चकवा लागाया नको." त्या हिरव्यात त्यांचं बोट बरोबर घरावर टेकलं. मी तिथे खूण केली आणि नाव दिलं, 'आतोबांचं घर'.

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीत नात पहिल्यांदा एकटी आली, मुरबाडहून रिक्षात मोबाइलवरची ती खूण बघत. "डेस्टिनेशन आ गया," मोबाइल म्हणाला. मी आणि आत्या ओटीवरच होतो. पोरगी उतरली तर तिचा टी-शर्ट उलटा.

"मम्मीने घालायला लावला," ती वैतागून म्हणाली. "का, ते सांगितलंच नाही."

आत्या तिच्या खांद्यावरच्या शिवणीवरून नुसता हात फिरवत राहिली. आतोबा तेव्हा असायला हवे होते.