लासूरला बंदर आणणारे मोजणीसाहेब

डाव संपवायचं बटण दाबलं की मोजणीसाहेब माउसवरचा हात उचलायचे, चष्मा काढायचे आणि शर्टाच्या टोकानं तो पुसत म्हणायचे, "बसा. त्यांचं होऊ द्या."

'त्यांचं' म्हणजे कॉम्प्युटरमधल्या पाच राजांचं. मशीन नवं असतं तर पाचही राजांचे डाव पापणी लवायच्या आत उरकले असते. पण साहेबांचं मशीन म्हातारं होतं. त्या पाचांना मिळून चार मिनिटं लागायची. तेवढ्यात चष्मा पुसून व्हायचा, एक सुपारी कातरून व्हायची आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या सात पिढ्यांची चौकशी व्हायची. मग पडद्यावर पुन्हा साहेबांचा डाव यायचा आणि साहेब त्या राजांना म्हणायचे, "झालं का? लई विचार केला हो."

मुकुंदवाडीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. साहेब मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. जमीन मोजणीच्या खात्यात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, त्यातली बरीचशी वैजापूरला. मूळ गाव लासूर स्टेशनच्या जवळ. पहिल्यांदा दुकानात आले ते रिक्षातून, मांडीवर मॉनिटर घेऊन. मी आत बोलावलं, तर उंबऱ्याबाहेर थांबून खाली बघत म्हणाले, "तुमची पायरी सव्वा फूट सरकारी नाल्यात आहे."

"साहेब, इथं नाला कुठं आहे?"

"होता. मी मोजलाय. आत करडई होती, हिकडून नाला." मग मॉनिटर टेबलावर ठेवून म्हणाले, "हे चालू करा. बाकी काय नको. फक्त राज्य चाललं पायजे."

राज्य म्हणजे गेम. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, ते साहेबांनी कधी उच्चारलं नाही. मुलगा शिकायला पुण्याला गेला, तेव्हा जुना कॉम्प्युटर घरी राहिला आणि त्यात हा गेम राहिला. खेळ सोपा. एक नकाशा, त्यावर तुमची गावं. शेती करा, रस्ते बांधा, पाट काढा, सैन्य ठेवा. तुमचा डाव झाला की बाकीच्या राजांचे डाव. कुठंही घड्याळ नाही. तुम्ही जेवून आलात, झोपून आलात, आठवड्यानं आलात, तरी राजे जागचे हलत नाहीत.

तुम्हीसुद्धा असा माणूस पाहिला असेल, आयुष्यात एकच हॉटेल, एकच न्हावी आणि एकच स्कूटर मानणारा. साहेबांनी एकच गेम मानला. आठ वर्षं एकच राज्य चाललं होतं. मी त्यांना तेव्हाचे नवेकोरे गेम दाखवले, धडाधड गोळ्या, उडणाऱ्या गाड्या. साहेबांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "यात माणूस बसतो कुठं?"

गावांना त्यांनी ओळखीची नावं दिली होती. राजधानी वैजापूर. आणि गेमच्या नकाशात जिथं समुद्र लागला तिथं वसवलं लासूर, म्हणून लासूरला बंदर. एकदा गावाकडच्या चुलतभावाचा फोन आला, तेव्हा साहेब डावाच्या भरात बोलून गेले, "गडबडीत आहे रे. लासूरला बंदर चालू झालंय आजपास्नं." पलीकडून चुलतभावानं दबक्या आवाजात विचारलं, "मंग आपल्या जमिनीच्या पट्टीला भाव काय येईल?"

साहेब कधी कुणावर चाल करून गेले नाहीत. घोडदळ नाही, तोफा नाहीत. फक्त हद्दीवर एकेक पहारेकरी, दगड रोवल्यासारखा. राजांना मात्र मनसोक्त बोलायचे. एका दाढीवाल्या राजाबद्दल त्यांचं ठाम मत होतं, "याला वैजापूरच्या मोंढ्यात बसवा. आठ दिवसात कांद्याचा लिलाव बंद पाडतो का नाय बघा."

मग दुष्काळाचं पहिलं वर्ष आलं. नळ आठवड्यातून एकदा, तोही घसा खाकरून जाणारा. इमारतीत टँकर सुरू झाला. त्याच उन्हाळ्यात साहेबांचा कॉम्प्युटर सुरू होईना आणि तो माझ्या टेबलावर आला.

यात माझी चूक कशी झाली ते सरळ सांगतो. दोन गिऱ्हाईकं डोक्यावर उभी होती. दोन वाजता वीज जाणार होती. आतलं सगळं आधी दुसरीकडं उतरवून घ्यायचं आणि मग मशीन पुसून नवं करायचं, हा नियम मला झोपेतही पाठ होता. मी फक्त पुसलं. पडदा स्वच्छ, निळाशार झाला, तेव्हा आठवलं.

साहेब आले, तेव्हा मी म्हणालो, "डिस्कच खलास झाली होती, साहेब. आतलं काही वाचलं नाही."

साहेबांनी विचारलं, "सगळं?"

"सगळं."

"लासूर पण?"

"लासूर पण."

"बरं," म्हणाले, आणि मशीन घेऊन गेले. मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर दुपारी मला जेवण गेलं असतं.

पंधरा दिवसांनी काकू दुकानात आल्या. साहेबांची बायको आजवर त्या मशीनला 'डबडं' सोडून दुसऱ्या नावानं बोलली नव्हती.

"भाऊ, ते डबडं परत चालू करा," काकू म्हणाल्या.

"चालूच आहे, काकू."

"चालू आहे, पण हे त्याच्यापुढं बसत नायत. दिवसभर माझ्याकडं बघत बसतेत. काल म्हणले, भाजी उभी चिरू नको, आडवी चिर. चाळीस वर्षांत पहिल्यांदा यांना कळलं, घरात भाजी चिरतात."

त्या दिवशी टँकर आला, तेव्हा साहेब हातात यादी घेऊन नळीपाशी उभे होते. दोन घागरींवर तिसरी कुणाला नाही, मग ते स्वतः का असेनात. पाणी भरून झाल्यावर मी त्यांच्या घागरी उचलल्या आणि जिना चढायला लागलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला दम लागला, की धीर सुटला, सांगता येत नाही.

"साहेब, डिस्क खलास नव्हती. मी पुसली. घाईत."

साहेब माझ्या मागं होते. काठीचा आवाज थांबला.

"माहीत होतं," ते म्हणाले.

"कसं?"

"बत्तीस वर्षं मोजणी केली, इंजिनिअर. ज्यानं बांध कोरलाय तो बांधाकडं बघत नाय. मोजणीदाराच्या तोंडाकडं बघतोय. तुम्ही त्या दिवशी मशीनकडं एकदा पण बघितलं नाय."

मी आयटीआय झालेला माणूस. मला इंजिनिअर म्हणणारे जगात ते एकटेच. घागरी धरून मी तसाच उभा राहिलो. साहेब दोन पायऱ्या चढून माझ्यापुढं गेले.

"दुकान एक ते तीन बंद असतंय ना?"

"असतं. जेवायला."

"मग डबा घेऊन वर या. राज्य तुम्ही पाडलं, गवंडी पण तुम्हीच."

असा मी त्या घरात बसायला लागलो. गेम मी पुन्हा टाकला आणि साहेबांनी वैजापूर, लासूर पहिल्यापासून वसवलं. गेममध्ये एकाच मशीनवर दोघांनी आळीपाळीनं खेळायची सोय होती. मी एक राजा, साहेब दुसरे. माझा सगळा जन्म गोळ्यांच्या गेममध्ये गेलेला. पहिले चार दिवस मी जांभया दिल्या. पाचव्या दिवशी दुकानात गिऱ्हाईकाचा कीबोर्ड झटकताना मी विचार करत होतो की डोंगराच्या खालून पाट काढावा की वरून. माणसाला धरून ठेवणारी ही गंमत काय असते, ते ज्यानं हा खेळ खेळलाय त्यालाच कळेल. एकच डाव, म्हणून बसायचं, आणि काकू चहाचे कप उचलायला दुसऱ्यांदा आल्या की कळायचं, तीन वाजून गेलेत.

दहाव्या दिवशी मी लासूर घेतलं. बंदरावर एकच पहारेकरी होता आणि माझ्याकडं तीन गलबतं. हसतहसत घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या शटरमधून आत सरकवलेला कागद मिळाला. कोरीव अक्षर, डाव्या बाजूला समास सोडलेला:

'विषय: मौजे लासूर येथील बंदरावरील अतिक्रमण दूर करणेबाबत. महोदय, काल जेवणानंतर व चहा येण्यापूर्वी आपण उपरोक्त ठिकाणी विनापरवाना सैन्य घुसविल्याचे निदर्शनास आले आहे. तरी सात डावांच्या आत कब्जा सोडावा, अन्यथा आपला चहा बंद करण्यात येईल. प्रत माहितीस्तव: स्वयंपाकघर.'

मी कब्जा सोडला. काकूंनी त्या दिवशी चहात आलं जास्त टाकलं होतं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत आजूबाजूला इमारती अशा उगवल्या की साहेबांच्या गॅलरीतून आधी रेल्वेचा रूळ दिसायचा, मग डब्यांचं नुसतं छप्पर, आणि शेवटी फक्त आवाज. साहेब गॅलरीत उभे राहून सांगायचे, कुठं कुणाची विहीर होती, कुठं दोन भावांनी बांधावरच्या लिंबासाठी बारा वर्षं बोलणं टाकलं होतं. "आता दोघांची नातवंडं त्याच बिल्डिंगीत भाड्यानं राहतेत. एकाच लिफ्टनं जातेत," म्हणून हसायचे. पाऊस पुन्हा हुकला. टँकर पुन्हा आला. त्याच सुमारास साहेबांनी एकदा समुद्रात पाट काढायचा हुकूम दिला.

"साहेब, तो समुद्र आहे."

"व्हय का?" ते म्हणाले. चष्मा पुसून म्हणाले, "मला ते सगळं एकच दिसतंय."

साखरेनं डोळ्याच्या पडद्यावर अतिक्रमण केलंय, हे निदान डॉक्टरांच्या आधी त्यांनीच केलं. सहा महिन्यांत दोन्ही डोळे गेले. उजेड आणि अंधार एवढंच उरलं. मला वाटलं, आता गेम संपला. पण दुसऱ्या दिवशी एक वाजता काकूंचा निरोप आला, "हे विचारतेत, डबा कुठं अडकलाय?"

मी माझा राजा सोडून दिला आणि त्यांच्या बाजूला जाऊन बसलो. आता मी पडदा वाचायचो, साहेब हुकूम द्यायचे. सबंध नकाशा त्यांच्या डोक्यात होता, त्यातल्या चौकोनी घराघरासकट. "लासूरच्या वर तीन घरं, डोंगराच्या अलीकडं बघा, तिथं पहारेकरी आहे ना? त्याला जरा सावलीत घ्या." मी म्हणायचो, गेममध्ये ऊन नसतं. ते म्हणायचे, "तुम्हाला काय माहीत?"

दुसऱ्या दुष्काळाच्या ऐन मे महिन्यात तो दाढीवाला राजा वैजापुरात घुसला. साहेबांनी बटण दाबायला सांगितलं होतं आणि चष्मा पुसत बसले होते; चष्म्याचा उपयोग उरला नव्हता, पण पुसायचे. पडद्यावर वैजापूरवर त्या दाढीवाल्याचं निशाण चढलं. मनात आलं, सांगूच नये. वैजापूर आहे म्हणावं, रोज आहे म्हणावं. त्यांना कोण दाखवणार होतं?

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "लई वेळ घेतला त्यांनी."

मी पडद्याकडं बघत म्हणालो, "वैजापूर गेलं, साहेब."

साहेबांचा हात शर्टाच्या टोकावर थांबला. आत काकूंची फोडणी तडतडत होती. मग म्हणाले, "आपल्याकडं घोडदळ किती आहे?"

"एकही नाही. तुम्ही कधी ठेवलंच नाही."

"मग ठेवा."

पुढचे अकरा दिवस त्या घरात मी जे ऐकलं ते मोजणीखात्याच्या निवृत्त माणसाच्या तोंडी शोभणारं नव्हतं. शेतीतली माणसं काढली, रस्ते थांबवले, लासूरच्या बंदरात तोफा ओतल्या. साहेब पलंगाच्या कडेला बसून मांडीवर थाप मारत हुकूम सोडायचे आणि दाढीवाल्याच्या आईबापाचा उद्धार करायचे. काकू दारातून म्हणाल्या, "हळू बोला. खालच्या मजल्यावर परीक्षेची पोरं आहेत."

बाराव्या दिवशी दुपारी वैजापूर घेतलं. मी सांगितलं, तशी साहेब उठले, भिंत चाचपत गॅलरीत गेले आणि कठडा धरून खाली ओरडले, "वैजापूर घेतलं!"

खाली टँकरपुढं पंधरा-वीस बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांनी वर बघितलं. एकीनं कपाळावर हात धरून विचारलं, "कोणत्या पार्टीनं?"

"आपल्या!" साहेब म्हणाले.

त्यानंतर एक पावसाळा त्यांनी पाहिला, म्हणजे ऐकला. हिवाळ्यात सकाळी अंघोळीला पाणी काढायला सांगून पलंगावर बसले ते तसेच गेले. मुलगा पुण्याहून आला. चौदाव्यानंतर काकूंना घेऊन जायचं ठरलं. घरात खोकी भरली जात होती. मुलानं मला कॉम्प्युटर नेण्यासाठी बोलावलं होतं. वायरी काढण्याआधी सवयीनं मी तो चालू केला.

काकू हातातलं भांडं तसंच धरून येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या पडद्याकडं त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं असावं.

"यात वैजापूर कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी बोट ठेवून दाखवलं.

"अजून आपल्याकडंच आहे ना?"

"आहे, काकू."

त्यांनी डोळे बारीक करून ते चिमुकलं गाव बघितलं, भोवतालची शेतं बघितली, तोफा बघितल्या.

"नुसत्या तोफा लावून ठेवल्यात यांनी," त्या म्हणाल्या. "आधी तिथं पाण्याचं बघा."

मी खुर्ची ओढून बसलो आणि डोंगराच्या खालून पाट काढायला घेतला. काकू माझ्या मागं उभ्याच होत्या.