बाईंचं अक्षर चांगलं आहे

"बाई, तुम्ही तिकडे बसा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

भाऊ म्हणाले. आमच्या पक्षाचे शहरातले मोठे नेते. कोथरूडला त्यांच्या बंगल्यावर नगरसेवकांची बैठक होती. मीही नगरसेविका. वाघोलीकडच्या वॉर्डातून निवडून आलेली. बाकीचे सगळे सोफ्यावर. मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. समोर भाऊंच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका. पाकिटांवर नावं घालायची होती.

मी घातली. दोन तास. मागे आमच्याच वॉर्डाच्या पाण्याच्या लाइनीवर चर्चा चालली होती. मी मान वळवली की भाऊ म्हणायचे, "बाई, हात चालू द्या." लोक हसायचे.

यादीच्या शेवटी आले. सगळ्या नगरसेवकांची नावं होती. माझं नव्हतं. माझ्या जागी लिहिलं होतं, 'राखीववाली'.

भाऊंच्या पीएला विचारलं, "यावर काय लिहू?"

"अहो, तुम्हीच त्या. लिहा की स्वतःचं नाव. येतंय ना लिहिता?"

पुन्हा हशा. आणि मी लिहिलं. वळणदार लिहिलं. त्याची लाज मला आजही वाटते.

सतरा वर्षं मी महापालिकेच्या शाळेत शिकवलं. आमच्याच वस्तीतली शाळा. माझे वडील तिथे शिपाई होते. वॉर्ड अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झाला, तेव्हा भाऊ स्वतः घरी आले. आईच्या पाया पडले. म्हणाले, "तुमच्यासारखी शिकलेली माणसं राजकारणात पाहिजेत." मला खरं वाटलं. नोकरीचा राजीनामा दिला.

निवडून आल्यावर कळलं. त्यांना शिकलेली बाई नको होती. सही करता येणारी हवी होती. कागद यायचे. "इथे करा." मी करायचे. वर्गात मुलींना बजावायचे, प्रश्न वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. आणि स्वतः चार वर्षं न वाचता सह्या करत होते.

मग एक दिवस पीए घरी ठराव घेऊन आला. पेन उघडलं आणि आमच्या शाळेचं नाव दिसलं. म्हणून वाचलं. दुसरी कुठली शाळा असती तर त्याही दिवशी सही केली असती. हे खरं आहे.

पट कमी झाला म्हणून शाळा बंद करायची. मुलं हायवेपलीकडच्या शाळेत पाठवायची. जागा भाऊंच्या शिक्षणसंस्थेला भाडेपट्ट्यानं द्यायची. ठरावाची सूचक मी. नाव आधीच छापलेलं.

सही केली नाही. बंगल्यावर बोलावणं आलं.

"बाई, वाचायला कधीपासून लागलात?"

"उशीर झाला. पण लागले."

"अहो, तुम्ही तिथल्या बाई. तुमची सही असली की वस्ती गप्प बसते. एवढंच तुमचं काम."

"म्हणूनच करणार नाही."

"मग तिकीट विसरा."

"विसरले."

 

ठराव दुसऱ्याच्या सहीनं आला. मी सभागृहात बोलायला उभी राहिले, माझा माइक बंद केला. वर्गात बोलायचे तशी मोठ्यानं बोलले. मतदानाला आमच्या पक्षातून विरोधात एकच हात वर गेला. माझा. ठराव मंजूर झाला. शाळेला कुलूप लागलं. हायवे ओलांडायच्या भीतीनं कितीतरी घरांनी पोरी घरी बसवल्या.

गेल्या महिन्यात विहारात वस्ती जमवली. कोणत्या कागदांवर न वाचता सही केली ते एकेक सांगितलं. टँकरचा ठेका. मैदानाचं आरक्षण उठवलं तो ठराव. कोणी टाळी वाजवली नाही. माझ्याच हाताखाली शिकलेली एक उठली. तिची मुलगी आता घरी आहे.

"बाई, तुमीच आमाला विकलं. आता काय करनार हाय?"

खोटं बोलत नव्हती ती.

मी म्हणाले, "पक्षाशिवाय उभी राहीन. पडले तर शाळेसाठी कोर्टात जाईन. तिथं हरले तर शाळेच्या त्या बंद गेटसमोर रस्त्यावर वर्ग भरवीन. पोलीस उचलतील. सुटले की पुन्हा भरवीन."

तिनं मान हलवली नाही. खाली बसली.

उमेदवारीचा अर्ज आणलाय. प्रत्येक ओळ वाचून भरलाय. परवा दाखल करणार.