गव्हाएवढा चुना

तान्हा पोळा, सकाळ. हजर: मावशी, काकाजी, मी आणि लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला आलेली कळंबच्या आमच्या गल्लीतली पोरं.

शेजारच्या मावशी पान खात नसत, तंबाखू तर नाहीच. तरी चुन्याची डबी कायम कमरेला. गव्हाएवढा चुना वरणात, ताकात, दह्यात. "हाडं पक्की तं माणूस पक्का," म्हणत गल्लीभर सल्ला वाटायच्या. कुणाचा गुडघा दुखतोय हे चालीवरून ओळखायच्या आणि नकार ऐकून घ्यायच्या नाहीत.

त्यांचे यजमान काकाजी सुतार. उन्हाळ्यात ओट्यावरून पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं, तेव्हा मावशींच्या सेवेला धरबंध राहिला नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची ड जीवनसत्त्वाची पुडी रोज दुधात. दूध तांब्याभर, वर चुना. आठवड्यातून एकदा जेवून पोट भरतं का, असा त्यांचा मलाच सवाल. हाड जुळत आलं. पण काकाजींची भूक गेली, ओकाऱ्या सुरू झाल्या, तहान भागेना. ते जेवेनात म्हणून मावशींनी दूध वाढवलं.

त्या सकाळी काकाजींनी स्वतःच घडवलेला बैल एका पोराच्या हातून घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हे काय होय?" पोरं हसली. मावशी हसल्या नाहीत. मी ऑटो बोलावला.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, मग खाणंपिणं विचारलं. मावशींनी अभिमानानं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, रक्तात कॅल्शियम फार वाढलंय, भ्रम त्यामुळेच. पुडी, चुना, दूध आजपासून बंद. मावशींनी माझा हात धरला.

"म्याच यायले आजारी पाडलं का व?"

मी त्यांना बाकावर बसवलं.

सलाईन लागलं. काही दिवसांनी काकाजींनी बायकोकडे नीट पाहिलं. "बुढे, मले नुसत्या हाडाचाच करून राह्यली होती का?" तेव्हा कुठे मावशी रडल्या.

घरी आल्यावर त्या दारोदार फिरून स्वतःचाच सल्ला परत घेऊ लागल्या. बायका टोमणे मारत, मावशी ऐकून घेत. "माह्यं ऐकू नका, डॉक्टरले पुसा," एवढंच सांगून पुढच्या दारी. एक दार तेवढं राहिलं: मारेगावच्या नणंदेचं. पुडी नि चुना तिलाही शिकवलेला, पण मधल्या भांडणानं बोलणं बंद.

परवा मावशींची तेरवी झाली. झोपेतच गेल्या. नणंदबाई आल्या नाहीत. गुडघे धरलेत म्हणून दूध-पुडीवर आहेत, असं कुणीतरी म्हणालं. मी फोन लावते, त्या उचलत नाहीत.

मारेगावला जाऊन सांगायचं बाकी आहे.