एकोणचाळिसावा दगड

आमच्या शहराभोवती जुनी तटबंदी आहे. ती चारशे वर्षांची आहे असं शाळेत शिकवतात. तिच्यातला दगड न् दगड आपल्या ओळखीचा आहे असं माझा काका सांगतो. काका पाथरवट. माणसांची नावं विसरतो, पण कुठल्या दगडाचा कोपरा कधी उडाला ते विचारा!

गेल्या वर्षी तटाचे एकोणचाळीस झिजलेले दगड बदलायचं काम त्याला मिळालं. ते नीट झालं तर पुढे वेशीची कमान, असं ठरलेलं. त्या कमानीवर काकाचा जीव; आजोबांच्या हातून ती मिळता मिळता निसटली होती. अट एकच: नवा दगड ओळखू यावा म्हणून त्यावर चालू साल कोरायचं. काकाच्या लेखी हे नव्या सुनेच्या कपाळावर तारीख लिहिण्यासारखं. "शेवटी एकदम कोरू," म्हणाला.

उत्तरेकडच्या पट्ट्यात जुन्या छिन्नीचे घाव उलट्या बाजूला कललेले होते. "हा गडी डावखुरा," असा निकाल देऊन काकाने तिथे पंधरा दिवस डाव्या हाताने घाव घातले. घरी चहासुद्धा डाव्या हाताने. काकू म्हणाली, "संसार तेवढा उजव्या हाताने करा."

मग तपासणीला पुरातत्त्व खात्याचे साहेब आले. तासभर भिंतीला नाक लावून फिरले.

"काम कुठंय?"

"हे काय, समोर!"

"हे तर जुनं आहे."

काका असा फुलला की विचारू नका. साहेबांनी अट वाचून दाखवली तेव्हा कुठे चेहरा उतरला. मुकाट्याने त्याने अडतीस दगडांवर साल कोरलं. एकोणचाळिसावा त्या डावखुऱ्याच्या पट्ट्यात होता, आणि तो खुद्द काकालाच सापडेना. ठोकून पाहिलं, हात फिरवला, एकदा तर जीभ लावली. शेवटी दोन दगडांपाशी अडला. एक त्याचा, एक डावखुऱ्याचा.

साहेब कंटाळले. "कोरा कुठल्याही एकावर. कोणाला कळतंय?"

"आणि तो त्याचा निघाला तर? त्या बिचाऱ्याचं काम मी माझ्या खाती घालू?"

"मग काम अपुरं धरावं लागेल. कमानीचं मी काही सांगू शकत नाही."

"धरा अपुरं," काका म्हणाला. दिवस मावळायच्या आत त्याने छिन्नी पिशवीत टाकलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

साहेब वाकले. दोन्ही दगडांवरून बोटं फिरवली, चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. मग कागदावर लिहिलं: अडतीस सापडले, एक ओळखता येत नाही.

"कमान तुम्हीच करा," ते म्हणाले. "पण साल आधी कोरायचं, मग दगड बसवायचा."

काकाचे डोळे भरून आले, पण स्वभाव कुठे जातो?

"मागच्या अंगाला कोरलं तर?"

"नाही."

"सांध्यात? बारीकसं?"

डबा घेऊन आलेल्या काकूला राहवलं नाही. "अहो, आधी हो म्हणा!"